मोफत शिबिरात बाळाच्या दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न वाचला. बहिणीच्या मुलीचा ओठ आणि टाळू जन्मापासून दुभंगलेली आहे, मुलगी आता तीन महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी एक संस्था शिबिर घेते आहे आणि बाहेरगावचे स्वयंसेवक डॉक्टर येऊन फुकट ऑपरेशन करणार आहेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, फुकटाच्या शिबिरात शिकाऊ डॉक्टर गरिबांच्या पोरांवर हात बसवून घेतात. मग जावं की नाही?

ओठासाठी जरूर जा. टाळूसाठी आधी चार गोष्टी विचारा आणि मग ठरवा.

मी सर्जन नाही, स्पीच थेरपिस्ट आहे. अशा पथकांबरोबर नंदुरबार आणि मेळघाटाच्या बाजूला बऱ्याचदा गेले आहे. ऑपरेशन झालेली मुलं माझ्याकडे येतात ती वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, त्यामुळे माझं उत्तर टाळूकडे जरा जास्त झुकेल.

आधी शिकाऊ डॉक्टरांचं. ही भीती कुठून येते ते समजतं. आपल्याकडे शिबिर म्हटलं की नसबंदीची आणि मोतीबिंदूची जुनी शिबिरं आठवतात, रांगेत झोपवलेली माणसं आठवतात. ओठ-टाळूचं चांगलं पथक तसं काम करत नाही. ऑपरेशन शाळेच्या हॉलमध्ये नाही, चालू रुग्णालयाच्या थिएटरमध्ये होतं. येणारे सर्जन एरवी आपापल्या शहरात हेच काम करत असतात आणि सुट्टी टाकून येतात. त्यांच्याबरोबर भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर, नर्स, रेकॉर्ड सांभाळणारी माणसं असतात आणि नशीब असेल तर माझ्यासारखं कुणीतरी. शिकणारे डॉक्टर हाताखाली असतात, पण ते कुठल्याही मेडिकल कॉलेजात असतातच. टेबलावर मुख्य हात कुणाचा असेल, हे सरळ नाव विचारून घ्या. विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच समजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भूल कोण देणार आणि लहान मुलांना भूल द्यायची त्यांना सवय आहे का, हे विचारा. चार महिन्यांच्या बाळाच्या ऑपरेशनात टाक्यांपेक्षा श्वासनलिकेची काळजी मोठी असते. शस्त्रक्रिया तोंडातच, आणि श्वासाची नळीही तोंडातूनच. ऑपरेशननंतर रात्री बाळाजवळ कोण थांबणार, गरज पडली तर रक्त आणि आयसीयू कुठे मिळणार, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

या स्वयंसेवी कामाला इतिहास आहे, आणि त्यात आपला एक माणूस आहे. डॉ. शरदकुमार दीक्षित मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते दर वर्षी भारतात येऊन मोफत शिबिरं घेत. ओठ, नाक, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण अशी कामं ते करत. १९७८ च्या मोटार अपघातानंतर ते व्हीलचेअरवर आले, पुढे स्वरयंत्राचा कॅन्सर झाला, हृदयविकाराचे झटके येऊन गेले, तरी शिबिरं थांबली नाहीत. पुण्यात भारतीय जैन संघटना त्यांची शिबिरं भरवत असे. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. आमच्या आधीच्या पिढीतल्या सर्जनांकडून त्यांच्या हाताच्या वेगाच्या गोष्टी ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो.

तिकडे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून डॉ. विल्यम मॅगी आणि त्यांची पत्नी कॅथी एका पथकाबरोबर फिलिपिन्समधल्या नागा शहरात गेले. शेकडो घरांतली माणसं पोरांना घेऊन आली होती. ऑपरेशन झालं सुमारे ४० मुलांचं, बाकीची परत गेली. परत गेलेल्यांसाठी पुन्हा यायचं ठरवून या जोडप्याने ऑपरेशन स्माइल ही संस्था काढली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्माइल ट्रेनने वेगळी वाट धरली. बाहेरून पथक पाठवण्याऐवजी तिथल्याच डॉक्टरांना तयार करायचं आणि तिथल्याच रुग्णालयाला ऑपरेशनचा खर्च द्यायचा. माझं मत या दुसऱ्या वाटेच्या बाजूचं आहे, आणि पथकांबरोबर फिरूनच ते झालेलं आहे. आसामात तर पहिल्या वाटेने गेलेलेही शेवटी इथेच पोचले. गुवाहाटीच्या महेंद्र मोहन चौधरी रुग्णालयात २०११ मध्ये राज्य सरकार आणि ऑपरेशन स्माइल यांनी मिळून ओठ-टाळूसाठी कायमचं केंद्र सुरू केलं. पथक येऊन-जाऊन भागत नाही हे त्यांनाही कळलं होतं.

आता तुमच्या भाचीकडे येऊ. पुढचा महिनाभर घरात एकच काम आहे, तिचं वजन वाढवायचं. ओठाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर जुना दहाचा हिशोब अजून धरतात: वय निदान दहा आठवडे, वजन निदान दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन निदान दहा. वयात ती बसते. वजनाचं विचारा, कारण बहुतेक बाळं तिथेच अडकतात. टाळू उघडी असली की बाळाला ओढून दूध पिता येत नाही. ते चोखतं, दमतं, अर्धं दूध नाकातून येतं, आई घाबरून थांबते आणि बाळ उपाशीच झोपतं. बहिणीला सांगा, अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. बाळाला आडवं ठेवून नाही, जवळजवळ बसतं धरून. थोडं थोडं, आणि मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण अशी बाळं हवा फार गिळतात. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही, पुसायचं आणि पुढे पाजायचं. आठवड्याला अंगणवाडीत वजन करून कार्डावर लिहून घ्या. ते कार्ड शिबिराला न्या. दर आठवड्याला चढत गेलेला आकडा बघून बालरोगतज्ज्ञांचा जीव भांड्यात पडतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण घरात चालू असणार म्हणून लिहिते. नोंदणीच्या टेबलाशी बसलं की दिवसातून दोन-चारदा तरी ऐकू येतं: "हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली." सांगते सासू, आणि बाळाची आई मान खाली घालून उभी असते. एकदा तर एका आजींनी कोणतं ग्रहण आणि कोणती भाजी तेही सांगितलं होतं, गवार. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी गावातल्या बाकीच्या गरोदर बायकांनी काय खाल्लं? त्या म्हणाल्या, त्या ऐकणाऱ्या होत्या. असो. ओठ पोटात जुळतो तो पहिल्या सहा-सात आठवड्यांत, टाळू त्यानंतर लगेचच्या काही आठवड्यांत. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतं कुठे कळलेलं असतं. कारणं बरीच आणि एकमेकांत मिसळलेली असतात. काही घराण्यातून येतं, काही वेळा आईच्या फिटच्या गोळ्यांमुळे, काही वेळा मधुमेह, तंबाखू-दारू, फॉलिक ॲसिडची कमतरता. बऱ्याचदा एकही बोट ठेवण्यासारखं कारण सापडत नाही. साधारण सातशे बाळांमागे एक असं जन्मतं. भारतात वर्षाला तीस हजारांच्या आसपास, म्हणजे ग्रहण असो-नसो, रोजच. बहिणीला फिटचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

शिबिराचा पहिला दिवस तपासणीचा असतो आणि तो ऑपरेशनच्या दिवसापेक्षा जास्त थकवतो. पहाटेपासून गर्दी, प्रत्येक मुलाच्या हाताला नंबर, नंबर धरून फोटो, मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे. वजन, रक्त, छाती, हृदय, दात, माझं टेबल, शेवटी भूलतज्ज्ञ. त्यातली किती तरी मुलं परत पाठवावी लागतात. सर्दी-खोकला असेल, ताप असेल, रक्त कमी असेल, हृदयात काही ऐकू आलं असेल, तर ऑपरेशन होत नाही. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून उतरून, रात्रभर जीपमध्ये अवघडून आलेल्या माणसाला "पुढच्या वेळी या" सांगणं सोपं नसतं. शिव्याही खाव्या लागतात. तरी माझा सल्ला असा, की आलेल्या एकालाही नाही न म्हणणारं पथक दिसलं तर तिथून निघा. खोकणाऱ्या बाळाला भूल देणारा डॉक्टर दयाळू नाही, बेफिकीर आहे. तुमच्या भाचीला परत पाठवलं तर त्याचं कारण कागदावर लिहून मागा, आणि कुठे, कधी यायचं तेही.

ओठाचं ऑपरेशन साधारण तासाभराचं. मी कधीमधी कोपऱ्यात उभी राहून बघते. सगळ्यात जास्त वेळ बघण्यासारखी गोष्ट कापण्याच्या आधीची असते. सर्जन बारीक पेनाने बाळाच्या ओठावर ठिपके देतो. ओठाची लाली जिथे संपते ती कड दोन्ही बाजूंनी नेमकी कुठे भेटणार, नाकपुडीचा पाया कुठे यायचा, वरच्या ओठाचा मधला खळगा कुठे. मग मोजतो, पुसतो, पुन्हा देतो. लालीची कड एक मिलिमीटर जरी खालीवर शिवली गेली तरी समोरच्या माणसाची नजर जन्मभर तिथेच जाते. आत नुसती कातडी जोडून चालत नाही, तोंडाभोवतीचा गोल स्नायू दोन्हीकडून सोडवून एकमेकाला जोडावा लागतो, नाहीतर मूल हसलं की ओठ दोन बाजूंना फुगतो. टाके बहुधा विरघळणारे असतात. बाळाचा हात तोंडाकडे जाऊ नये म्हणून पुढे काही दिवस कोपराला पट्ट्या बांधतात, त्याने ते ऑपरेशनपेक्षा जास्त चिडतं. हे काम चांगल्या हातांनी शिबिरात केलं तरी उत्तम होतं. पहिल्यांदा बाळ बाहेर आणतात तेव्हा काही आया क्षणभर "हे माझं नाही" म्हणतात, कारण त्यांना त्या जुन्या चेहऱ्याचीच सवय आणि माया झालेली असते.

टाळूचं गणित वेगळं आहे. टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो. ती बंद झाली की तोंडात हवेचा दाब धरला जातो, आणि त्या दाबावर प, ब, ट, ड, क, ग, च, स हे सगळे आवाज निघतात. टाळू उघडी असली की हवा नाकातून निसटते. म आणि न मुळातच नाकातले, ते तेवढे शाबूत राहतात. शहाद्याच्या एका रिक्षावाल्याने मला सांगितलं होतं, "मॅडम, पोरगा मला मामा म्हणतो, आणि त्याच्या मामालाबी मामाच म्हणतो." हसत सांगितलं, पण पोरगा सहा वर्षांचा होता आणि शाळेत नाव विचारलं की गप्प बसत होता. मी अशा मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरते आणि त्याला "पपई", "टोपी", "काकी" म्हणायला लावते. "मामी"ला काच धुरकटली तर ठीक. "पपई"ला धुरकटली की कळतं, हवा चुकीच्या वाटेने जाते आहे.

मुलं हुशार असतात, हीच अडचण होते. तोंडात दाब बनत नाही हे लक्षात आलं की ती घशातच आवाज अडवायला शिकतात. "काका"च्या जागी "आ-आ", मध्ये घशात एक झटका. ही सवय पक्की झाली की टाळू कितीही सुंदर शिवली तरी आपणहून जात नाही. म्हणून टाळूचं ऑपरेशन बोलणं फुटण्याच्या सुमारास, साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान झालेलं बरं. आठ-दहा वर्षांच्या मुलाचीही टाळू शिवतात, खाणंपिणं सुधारतं, पण बोलण्याचं काम फार चिवट होऊन बसतं. त्यात एक गैरसमज मध्ये येतो. कुणीतरी सांगतं, फुगे फुगवा, पिपाणी वाजवा, स्ट्रॉने फुंका, बोलणं सुधारेल. नाही सुधारत. फुंकर मारायला शिकलेलं मूल फुंकर चांगली मारतं, इतकंच. बोलण्याचा सराव बोलूनच करावा लागतो, एकेक आवाज, एकेक शब्द, रोज थोडा वेळ, महिनोन्महिने. पाड्यावरची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, तिथे माझी मराठी शब्दांची यादी काही कामाची नाही. मग आशाताईंना बरोबर घेऊन त्यांच्या घरातले शब्द निवडते. रेंज असेल तर फोनवर व्हिडिओ कॉलने सराव चालतो, नसेल तेव्हा आशाताईच गुरुजी.

शिवाय टाळूची भानगड एका ऑपरेशनने संपत नाही. कधी शिवणीत बारीक छिद्र उरतं आणि वरणाचं पाणी नाकात येतं, ते पुन्हा बंद करावं लागतं. अशा मुलांच्या कानात मध्ये पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं, पण ते मूल सांगत नाही, आपल्याला वाटतं लक्ष देत नाही. आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हिरडीच्या फटीत हाड भरावं लागतं, दातांना तारा लागतात, काहींना मोठेपणी जबड्याचं ऑपरेशन. पाच दिवस येऊन गेलेलं पथक हे सगळं कसं बघणार? मेळघाटात मला अशी मुलं भेटली आहेत ज्यांचा ओठ देखणा शिवलेला आहे, शिबिराचा फोटोही घरात लावलेला आहे, आणि टाळू तशीच उघडी. घरच्यांना वाटलं होतं काम झालं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे अर्धंच आहे.

म्हणून शिबिरात विचारायचं ते हे: सहा महिन्यांनी, वर्षाने टाळूसाठी कुठे यायचं? तारीख नसली तरी रुग्णालयाचं नाव हवं. टाका उसवला, छिद्र राहिलं, तर इथला कोणता डॉक्टर बघेल? स्पीच थेरपी कोण देईल आणि कानाची तपासणी कुठे होईल? ऑपरेशनचा सगळा तपशील लिहिलेला कागद आमच्या हातात मिळेल का? उत्तरं मिळाली तर टाळूही त्यांच्याकडेच करा. "बघू, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ" असं उत्तर आलं तर ओठ करून घ्या, आभार माना आणि टाळूसाठी दुसरीकडे नाव घाला.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर फार लांब नाही. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ-टाळू समाविष्ट आहे. या कार्यक्रमाची देशातली सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली. अंगणवाडी आणि शाळा तपासणारी त्यांची पथकं असतात. अंगणवाडीताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, जिल्हा रुग्णालयात या मुलांसाठी वेगळा कक्ष कुठे आहे तेही तिथेच कळेल. स्माइल ट्रेनच्या मदतीवर वर्षभर मोफत ऑपरेशन करणारी रुग्णालयंही महाराष्ट्रात आहेत. अशा ठिकाणी शिबिराची वाट बघावी लागत नाही. जाण्यायेण्याच्या खर्चाचंही विचारा, पुष्कळदा मदत मिळते, पण न विचारता कुणी देत नाही.

पथक परदेशी असेल तर जास्त चांगलं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी घरचे विचारतील. तसं काही नाही. त्यांनाही इथे हात लावायला भारतीय वैद्यकीय परिषदेची, म्हणजे आताच्या आयोगाची, परवानगी लागते. आणि आपल्या सर्जनांच्या हातून अशी जितकी मुलं जातात तितकी तिकडच्या अनेकांनी आयुष्यात पाहिलेली नसतात. मुंबईत शिकलेले डॉ. अडेनवाला केरळात त्रिशूरच्या जुबिली मिशन रुग्णालयात गेले आणि तिथेच राहिले. ओठ-टाळूच्या तिथल्या केंद्राला त्यांनी मुंबईतले आपले गुरू डॉ. चार्ल्स पिंटो यांचं नाव दिलं. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांनी पहिला ओठ शिवलेली बाळं पुढे मोठी होऊन त्याच दारात तपासायला येत राहिली होती. असा एक डॉक्टर जिल्ह्यात असला तर दहा पथकांची गरज पडत नाही.

शेवटचं, फार किरकोळ वाटेल पण याच्यावरून दर शिबिरात दोन-तीन ऑपरेशनं रद्द होतात. भूल द्यायची म्हणजे पोट रिकामं हवं. अंगावरचं दूध साधारण चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास, साधं पाणी दोन तास. तिथले भूलतज्ज्ञ जी वेळ देतील तीच खरी. बाळ रडणार, आणि घरातल्या कुणाचा तरी जीव तुटून ते गुपचूप दोन चमचे दूध पाजणार. तेव्हा त्या रात्री बाळाजवळ कोण बसणार ते आधीच ठरवा, आणि आजीबाईंना विश्वासात घेऊन सांगा की पोटात काही असेल तर भुलेत ते छातीत जाऊ शकतं. बाकी काही अडलं तर खाली लिहा, वजनाचा आकडाही लिहा.